१०८ ला केलेला फोन आणि ड्रायव्हरची गोष्ट

इंदूरच्या लोकमान्यनगरातील एका आईचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्र जसेच्या तसे न देता त्याचा सारांश देतो. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा विजयनगरच्या एका पबमधून मित्रासह घरी परतत असताना रात्री पाऊण वाजता रिंग रोडवर, पिपल्याहानाच्या अलीकडे, त्याच्या मोटारीची धडक एका स्कूटरला बसली. देवास नाक्याच्या गोदामातली पाळी संपवून घरी निघालेले स्कूटरवरचे गृहस्थ तिसऱ्या दिवशी रुग्णालयात वारले. मुलगा पळाला नाही. १०८ ला फोन त्यानेच केला आणि अँब्युलन्स येईपर्यंत तो तिथेच थांबला. पहाटे सव्वाचार वाजता मुलाहिज्यात, म्हणजे वैद्यकीय तपासणीत, घेतलेल्या रक्तात १०० मिलिलीटरमागे ८४ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले. पोलिसांनी आधी लावलेली किरकोळ कलमे मृत्यूनंतर बदलून भारतीय न्याय संहितेचे कलम १०५ लावले, सत्र न्यायालयाने जमानत नाकारली आणि मुलगा तीन आठवड्यांपासून आत आहे. ताईंचे दीर म्हणतात की घरच्या जुन्या ड्रायव्हरने ‘गाडी मी चालवत होतो’ असे सांगावे, त्याच्या मुलांच्या शिक्षणाचे आपण पाहू. ‘मी त्याला टॅक्सी करू म्हटले होते’ असा जो जबाब मित्राने दिला आहे, तो त्याने फिरवावा असेही घरात चालले आहे. मृताच्या घरच्यांना पैसे देऊन हे मिटेल का, रक्ताच्या अहवालातून सुटका आहे का, आणि ‘स्कूटर राँग साइडने आली होती, डोक्यावर हेल्मेट नव्हते’ याचा उपयोग होईल का, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी एक ओळ आहे: ‘त्या रात्रीचा त्याचा शर्ट मी धुऊन कपाटात ठेवला आहे, त्याचे काय करू?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलावरचा सगळा खटला एका शब्दाभोवती फिरणार आहे आणि तो शब्द आहे ‘जाणीव’. दारू प्यायला होता की नाही हा त्यातला फक्त पहिला टप्पा झाला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल संहितेत कलम १०६ चे पहिले उपकलम आहे; त्यात कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे, गुन्हा जमानतीचा आहे आणि खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या दंडविधानाच्या ३०४ अ मध्ये हीच शिक्षा दोन वर्षांची होती. कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, जो खुनाइतका गंभीर मानला जात नाही, पण मारण्याचा हेतू नसतानाही ‘आपल्या कृतीने कुणाचा जीव जाण्याचा संभव आहे’ ही जाणीव असेल तर तो लागू होतो. त्यात दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, गुन्हा बिनजमानती आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. अपघात तोच, मृत्यू तोच. फरक पडतो तो गाडी सुरू करताना चालकाच्या मनात काय होते, यावरून कोर्टाने काढलेल्या निष्कर्षामुळे.

मन कुणी उघडून पाहत नाही, म्हणून कोर्ट परिस्थितीवरून अनुमान काढते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेणाऱ्या मोटारीच्या चालकाला खालच्या कोर्टाने ३०४ अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे आजच्या कलम १०५ मधल्या जाणिवेच्या भागाच्या जुन्या रूपाखाली, तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. त्याच वर्षी दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात, ज्यात जानेवारी १९९९ मध्ये तीन पोलिसांसह सहा जण मेले होते, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ३०४ चा दुसरा भागच योग्य ठरवला. तिथे चालकाने खाली उतरून पाहिले, माणसे गाडीखाली आहेत हे पाहूनही तो निघून गेला, ही गोष्ट कोर्टाला फार जड वाटली. शिक्षा मात्र भोगलेल्या दोन वर्षांवर थांबवून पन्नास लाख रुपये भरण्याचा आणि समाजसेवेचा आदेश झाला. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती मला अगदीच अनाठायी वाटली नव्हती.

हे दोन निकाल सरकारी वकील तुमच्या मुलाविरुद्ध वाचून दाखवतील. तुमच्या वकिलांनी त्यातला फरक दाखवायचा आहे. दारू पिऊन गाडी चालवली म्हणजे आपोआप कलम १०५ असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. वेग, जागा, वेळ, आधी कुणी दिलेला इशारा, आणि धडकेनंतरचे वागणे, हे सगळे मिळून जाणिवेचे चित्र उभे राहते. यात तुमच्या मुलाच्या बाजूने असलेली सर्वांत भक्कम गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे. तो पळाला नाही आणि १०८ ला फोन त्याने केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्यच आहे, म्हणून त्या फोनने दारूचा दोष धुऊन निघत नाही; पण जमानतीच्या सुनावणीत, आरोप ठरवताना आणि शिक्षेच्या वेळी हा फोन बोलतो. (पळून जाणाऱ्यासाठी संहितेत १०६ चे दुसरे उपकलम दहा वर्षांच्या शिक्षेसह आहे. त्याच्याविरोधात जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि केंद्राने ते उपकलम अमलात आणणे स्थगित ठेवले. तुमच्या प्रकरणात त्याचा प्रश्नच येत नाही.)

आता तुमच्या दिरांच्या सूचनेकडे वळतो, आणि इथे मी सौम्य भाषा वापरणार नाही. ज्या क्षणी ड्रायव्हर ‘गाडी मी चालवत होतो’ म्हणेल, त्या क्षणी तो फोन तुमच्या मुलाच्या बाजूने उभा राहणे बंद होईल, कारण त्या फोनमध्ये आवाज मुलाचा आहे, नंबर मुलाचा आहे आणि तो काय बोलला ते नोंदलेले आहे. ‘माझ्या गाडीने धडक बसली’ असे तो त्यात म्हणाला असेल तर ड्रायव्हरची गोष्ट पहिल्याच दिवशी कोसळेल. मग मुलगा दारू पिऊन चालवणारा तर ठरेलच, शिवाय पुरावा रचणाराही ठरेल, आणि त्याने तिथे थांबून केलेली माणुसकीसुद्धा कोर्टाला बनाव वाटू लागेल. तुमच्याकडे बचावाचा जो सर्वांत भक्कम मुद्दा आहे, ही गोष्ट नेमका तोच मोडते. पबचे बिल कोणत्या फोनवरून भरले, चौराह्यावरच्या कॅमेऱ्यात स्टिअरिंगवर कोण दिसतो, ड्रायव्हरचा मोबाईल त्या रात्री कोणत्या टॉवरवर होता, उघडलेल्या एअरबॅगवर कोणाच्या त्वचेचे आणि रक्ताचे अंश आहेत, हे तपासणे आज अवघड राहिलेले नाही.

वकिलीच्या माझ्या सुरुवातीच्या काळात एका घराने असाच एक ड्रायव्हर पुढे केला होता. बिचाऱ्याला सगळे पाठ करून आणले होते. तपास अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, ‘समोर माणूस दिसल्यावर काय केलेस?’ तो म्हणाला, ‘साहेब, क्लच दाबून ब्रेक मारला.’ गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नव्हताच. अधिकाऱ्याने ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आणि चहा मागवला. त्या एका शब्दामुळे मालक, मालकाचा मुलगा आणि तो ड्रायव्हर असे तिघे आरोपी झाले.

संहितेच्या कलम २३८ नुसार गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे किंवा खोटी माहिती देणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि मूळ गुन्हा दहा वर्षांच्या शिक्षेचा असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ‘आई म्हणून केले’ अशी सूट या कलमात नाही. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलम २४९ मध्ये सूट आहे, पण तीसुद्धा फक्त पती-पत्नीला. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत आपल्याच मध्य प्रदेशातील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून तिथे अल्पवयीन चालकाच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांनाही अटक झाली. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय आहे, पण एका रात्रीतून तीन-चार घरे कशी त्यात ओढली जातात हे इंदूरच्या प्रत्येक आईवडिलांनी पाहिलेले आहे. आणि ड्रायव्हर वीस वर्षे तुमच्या घरी आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याला हे विचारण्याइतके हक्काचे नाते तुम्हाला वाटते. त्याला ‘नाही’ म्हणण्याइतके हक्काचे वाटते का, हे मात्र पत्रात कुठे नाही.

मित्राच्या जबाबाबद्दल मला तुमची घालमेल समजते, कारण ‘मी टॅक्सी करू म्हटले होते’ हे वाक्य जाणिवेच्या मुद्द्यावर पोलिसांच्या हातातले सर्वांत धारदार वाक्य आहे. म्हणूनच त्याच्यावर दबाव आणण्याचा मोह होतो. साक्षीदाराला खोटे बोलण्यासाठी धमकावणे हा कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. दिल्लीच्या त्याच बीएमडब्ल्यू खटल्यात साक्षीदाराला फिरवण्याच्या प्रयत्नावरून एका ज्येष्ठ वकिलावरचा न्यायालयाच्या अवमानाचा ठपका सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम ठेवला होता. वकील जिथे सुटत नाहीत तिथे काका-मामा काय सुटणार? शिवाय पोलिसांनी घेतलेला जबाब हा स्वतः पुरावा नसतो. मित्र कोर्टात उभा राहून जे सांगेल तो पुरावा, आणि तिथे त्याला उलटतपासणीत प्रश्न विचारण्याचा तुमच्या वकिलांना पूर्ण हक्क आहे. त्याने नेमके कोणते शब्द वापरले, कुठे वापरले, ‘तुला चढली आहे’ म्हणाला की ‘उशीर झाला आहे, टॅक्सी करू’ म्हणाला, तो स्वतः किती प्यायला होता आणि तरीही शेजारच्या सीटवर का बसला, हे सगळे प्रश्न रास्त आहेत. तोपर्यंत त्याला फोन करू नका, त्याच्या आईलाही नको.

रक्ताच्या अहवालात कायदेशीर मर्यादा १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅम आहे आणि तुमच्या मुलाचा आकडा जवळजवळ तिप्पट आहे. कोणीतरी तुम्हाला सांगितले असेल की साडेतीन तास उशिरा घेतलेले रक्त ग्राह्य धरत नाहीत. हा सल्ला अर्धवट आहे. रक्तातले अल्कोहोल दर तासाला १०० मिलिलीटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी होते. म्हणजे सव्वाचारला ८४ असेल तर पाऊण वाजता तो आकडा त्याहून कमी नव्हे, बहुधा अधिकच असेल, आणि उशिराचा मुद्दा फार ताणला तर सरकारी वकील हेच गणित फळ्यावर मांडतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये दोन तासांत वैद्यकीय तपासणीची जी अट आहे ती अपघातापासून नव्हे, दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलम १८५ खालच्या अटकेपासून मोजतात, आणि ती मोडली तर त्या अटकेतून सुटका होते, कलम १०५ चा खटला संपत नाही. खरा बचाव कागदांच्या साखळीत असतो: सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती का, नळीत नमुना टिकवणारे सोडियम फ्लोराइड होते का, सील कोणाचे, मालखान्याच्या (पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीच्या) रजिस्टरात नमुना कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या शिपायाने तो प्रयोगशाळेत नेला, मध्ये किती दिवस तो कुठल्या कपाटात पडून होता. साखळी तुटली तर अहवालाचे वजन जाते, मग उरतो तो तोंडाला येणारा वास आणि डोळ्यांचा लालपणा, आणि दारूबंदीच्या एका खटल्यात १९७१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वास, अडखळणारी चाल आणि बोलणे एवढ्यावरून निष्कर्ष पक्का होत नाही. साखळी शाबूत निघाली तर तो मुद्दा सोडून द्यायला शिकले पाहिजे, कारण हरलेला मुद्दा रेटणारा बचाव इतर मुद्द्यांवरचा विश्वासही घालवतो.

‘त्याला शुद्ध नव्हती’ हा बचाव कुणी सुचवला तर ऐकू नका. संहितेच्या कलम २३ आणि २४ नुसार नशा दुसऱ्याने नकळत किंवा जबरदस्तीने दिली असेल तरच तो बचाव उभा राहतो; आपण होऊन प्यायलेल्या माणसाला शुद्धीत असता तर जी जाणीव असती तीच जाणीव होती, असे कायदा गृहीत धरतो.

राँग साइडचा मुद्दा मात्र गंभीरपणे तपासण्यासारखा आहे. हेल्मेट नव्हते म्हणून तुमच्या मुलाची जबाबदारी कमी होत नाही, पण मृत्यूचे थेट कारण चालकाची कृती असली पाहिजे हे तत्त्व १९६५ पासून कायम आहे, आणि ‘गाडी भरधाव होती’ एवढे मोघम विधान पुरेसे नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आहे. पोलिसांनी काढलेला नजरी नक्शा (घटनास्थळाचा आराखडा), ब्रेकच्या खुणांची लांबी, काचा कुठल्या लेनमध्ये पडल्या होत्या, दोन्ही वाहनांच्या यांत्रिक तपासणीचा अहवाल, आसपासच्या दुकानांचे कॅमेरे, यांतून स्कूटर खरोखर उलट्या दिशेने आली होती हे दिसले, तर ते मांडा. दिसले नाही, तर मेलेल्या माणसावर दोष ढकलण्याचा प्रयत्न न्यायाधीशांना अजिबात आवडत नाही, हे मी बऱ्याच पेश्यांमध्ये पाहिले आहे.

पैसे देऊन मिटवणे कायद्याने शक्य नाही. कलम १०५ आणि १०६ दोन्ही तडजोडीने मागे घेण्याजोगे गुन्हे नाहीत, आणि मध्य प्रदेशातूनच गेलेल्या लक्ष्मीनारायण खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की समाजाविरुद्धचे गंभीर गुन्हे केवळ पक्षकारांच्या समझोत्यावर रद्द करता येणार नाहीत. नुकसानभरपाई ही मात्र वेगळी आणि मृताच्या घरच्यांच्या हक्काची गोष्ट आहे. त्या कुटुंबाला अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. चालक नशेत असल्यामुळे विमा कंपनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० चा आधार घेईल. अशा वेळी न्यायाधिकरणे बहुधा कंपनीला आधी कुटुंबाला पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. मालक म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर आहे ते, तुमचे यजमान. तेव्हा जी रक्कम तुम्ही दिरांच्या योजनेवर खर्च करणार होता, ती बाजूला ठेवा, पुढे लागेल. काही अंतरिम मदत करावीशी वाटत असेल तर तिला ‘जबाब बदला’ अशी कोणतीही अट न जोडता, वकिलांमार्फत, लेखी आणि कोर्टाच्या माहितीने करा. त्या घरी स्वतः पाकीट घेऊन जाऊ नका.

जमानतीसाठी आता उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे अर्ज करता येईल. चालान पेश झाल्यावर, म्हणजे आरोपपत्र दाखल झाल्यावर (पुण्या-मुंबईच्या वाचकांना चालान म्हणजे दंडाची पावती वाटेल), तपासात ढवळाढवळीची भीती कमी होते आणि शक्यता वाढते. अर्थात त्याआधी साक्षीदाराला गेलेला एक फोन ती सगळी शक्यता घालवू शकतो. प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून साठ दिवसांत नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम २५० खाली दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून सुटण्याचा) अर्ज देता येतो. पूर्ण दोषमुक्ती मिळेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही, पण जाणिवेचा पुरेसा आधार नाही असे न्यायाधीशांना वाटले तर ते १०५ ऐवजी १०६ चा आरोप ठरवून खटला खालच्या कोर्टाकडे पाठवू शकतात, आणि माझ्या मते तुमच्या वकिलांनी सगळा जोर तिथे लावावा.

आणि तो शर्ट. तुम्ही तो धुतलात तेव्हा तुमच्या मनात कुणाला वाचवण्याचा विचार नव्हता, आई घरी आलेला मळका कपडा धुते, एवढेच होते, असे पत्रावरून दिसते. हेतू नसेल तर कलम २३८ लागत नाही. पण आता तो फेकू नका, कुणाला देऊ नका, पुन्हा धुऊ नका. प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवा, केव्हा आणि कसा धुतला ते एका कागदावर तारखेसह लिहा आणि दोन्ही गोष्टी वकिलांच्या हाती द्या. पुढे काय करायचे ते वकील ठरवतील. त्याच भेटीत त्यांना सांगा की १०८ च्या त्या कॉलचे रेकॉर्डिंग जपून ठेवून हजर करण्यासाठी कोर्टाकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज याच आठवड्यात द्यावा. असे रेकॉर्डिंग कायम ठेवले जाते असे धरून चालू नका.